मेलानच्या वतीनं

(परदेशात, ओकव्हिलमधलं एक स्वयंपाकघर. बाहेर फावड्यानं बर्फ खरवडल्याचा आवाज.)

आई: समोर वाढलेलं कशी सोडू, अनु? मला वाटलं, व्याह्यांनी माझ्यासाठीच वाढलंय.

अनुया: तो वाडगा माझ्या सासूबाईंचा होता, वेईच्या आईचा. बाबा रोज तिच्यासाठी मांडतात. आपण पितरांचं पान वाढतो ना, तसं.

आई: बाप्पा. आणि मी ते चाटून पुसून खाल्लं. परवा तर आले नागपूरहून, मला काय ठाऊक.

अनुया: खाल्लंस त्याचं काही नाही गं. नंतर ते तुझ्याशी बोलत होते, तो घोळ झालाय.

आई: चिनी बोलून राहिले होते. म्हातारा माणूस एवढा जीव तोडून सांगतोय, म्हणून मान हलवली.

अनुया: त्यांना तू मेलान वाटलीस, त्यांची बायको. हल्ली माणसं धड ओळखत नाहीत, इंग्रजीही विसरलेत. वेई बेसमेंटमधून वर येत होता, त्यानं सगळं ऐकलं.

आई: काय ऐकलं?

अनुया: बाबा अणुशास्त्रज्ञ. सगळं तारुण्य वाळवंटात बॉम्ब करण्यात गेलं. कुठे आहोत, हे बायकोलाही सांगायची बंदी. ती आजारी पडल्याची तार आली, पण सरकारनं सोडलं नाही, असंच वेईला आजवर वाटायचं. तेव्हा सहा वर्षांचा होता तो.

आई: मग?

अनुया: साहेब जा म्हणाला होता. बाबाच थांबले. चाचणी तोंडावर आलेली, काम दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना. ती तोवर जिवंत होती, आई. वाट बघत होती. हे सांगून त्यांनी विचारलं, माफ केलंस का.

आई: आणि मी मान हलवली.

अनुया: तेव्हापासून वर शांत झोपलेत. वेई मात्र पेटलाय. माझ्या आईच्या वतीनं माफ करणारी तुझी आई कोण, म्हणतो. तिला सांग, परत घे.

आई: बरोबरच आहे त्याचं. मला तर भीती वाटून राहिली. मेलेल्या बाईच्या जागी बसून हो म्हणून बसले मी.

अनुया: ड्राइव्हवेवरचा बर्फ केव्हाच साफ झालाय, तरी तो फावडं मारतोय. काय सांगू त्याला?

आई: नाही म्हणायचं तर त्यांच्या भाषेत म्हणायला हवं. तुला येते?

अनुया: जेवण-पाण्यापुरती. वेईला येते, पण तो बाबांशी बोलतो कुठे? त्यांनी कधी आईचा विषय काढला नाही, म्हणून यानंही बोलणं टाकलं. गोळ्या घेतल्या का, तेसुद्धा मला विचारायला लावतो.

आई: मग जाऊ दे त्यालाच वर. नाही म्हणायला का होईना, बसेल तरी बापाजवळ.