भेंडीचा रडका फोटो

मोठी झाल्यावर माझी लेक सई मला माफ करेल का, या घोराने रात्रभर माझा डोळा लागला नाही.

झालं होतं असं, की शाळेच्या गॅदरिंगमध्ये सई भेंडी झाली आणि स्टेजवर भोकाड पसरून रडली. मी तो फोटो टाकला, तोही नातेवाइकांनी फोटो-गप्पा टाकायच्या घरच्याच नेटवर्कवर. फुकट मिळणारं खुलं सॉफ्टवेअर घेऊन ह्यांनी ते पिंपळीत आमच्या कॉम्प्युटरवर चालवलंय. वरकुट्यात माझ्या दादाच्या मशीनवर त्याचं वेगळं. दोन्ही जोडलेली, त्यामुळे इकडे टाकलेलं तिकडेही पोचतं.

सकाळी उठून मी फोटो डिलीट केला, मोबाइलमधूनही. मग दादाला फोन लावला.

“तुझ्याकडचा गेला का रे?”

“कशाचा जातोय? रातीपासनं लाइट न्हाय, मशीन बंद हाय. लाइट आली, मशीन लावली, की तुझा डिलीटचा निरोप पोचंल. मग जाईल.”

शेवटी सईला जवळ घेऊन सांगितलं, “तुझा रडका फोटो मी लावला होता. आता काढलाय. मामाच्या मशीनमध्ये तेवढा राहिलाय, लाइट आली की तोही जाईल.”

तिने मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

“मामाला सांग, लाइट आली तरी मशीन लावू नको. मी भेंडी झालेला तेवढाच फोटो हाय.”