पैलवानाच्या कानात बसंना

…आणि वर परत म्हणत्यात, कुणाच्याबी कानात बसतंय. कुणाच्याबी म्हंजे कुणाच्या ओ? ज्यानं हे बिनवायरचं इयरबड काढलं त्यानं एकदा तरी कुस्ती बघितलीया का? पैलवानाचा कान जवळनं बघितलाय का? न्हाई बघितला. बघितला असता तर कळंब्याच्या जोतीराम पैलवानावर ही पाळी आली असती व्हय? तुम्हाला सांगतो पावणं, तीन म्हयनं झालं, गडी दुसरं काय बोलतच न्हाई. उठला की कानाला हात, जेवताना कानाला हात, धार काढताना एक हात म्हशीला नि एक हात कानाला. शालूबाईनं, म्हंजे त्याच्या कारभारणीनं, आता विचारायचंबी सोडलंय.

जोतीराम तुम्हाला म्हाईत नसंल तर सांगतो. वय साठीला टेकलंय, दोन म्हशी हाईत, थोडा ऊस हाय, पण एकेकाळी मातीतला गडी. दोन्ही कान मोडल्यालं. डावा तर निव्वळ कांदाभजी, त्यात भोक कुटं हाय ते त्येचं त्यालाच म्हाईत. एकोणिसाव्या वर्षी तालमीत मोडला तवा वस्तादांनी पेढं वाटलं. का म्हंजे? कान मोडला की गडी पैलवान झाला, तालमीत दुसरं सर्टिफिकिट असतंय कुटलं? शालूबाईच्या बापानं जावई बघाय आल्यावर शेत इचारलं न्हाई, घर इचारलं न्हाई, कान बघितला आणि म्हणाला, ठरलं.

पण गड्याचं खरं दुखणं येगळंच. तीस वर्सं ह्यो मैदानात बघ्यांत बसतोय, आणि माईकवर कोणतरी चुकीचा डाव सांगतोय ते ऐकून दातओठ खातोय. निवेदक म्हणणार, पुट्ठी. ह्यो खालनं म्हणणार, "अरं ढाक हाय ती, ढाक, डोळं हाईत का बटणं?" शेजारची चार माणसं माईक सोडून ह्येचंच ऐकत्यात. एकदा… फकस्त एकदा माईक हातात यावा, कान मोडून घेतला त्येचं कायतरी सांगता यावं, एवढीच गड्याची विच्छा. दुसरं देवाकडं काय मागिटलं न्हाई.

आणि आला की माईक चालत घरी. शार्दूल म्हणून एकजण हाय, मोबाईलवर कुस्त्या लाइव्ह दावतोय, चॅनेल हाय त्येचं. त्यानं जोतीरामाला बघ्यांत बडबडताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दारात गाडी लावली. "काका, मलकापूरच्या बाजूला जत्रंचं मैदान हाय, कॉमेंट्री तुमची. नाद खुळा बोलताय. फक्त कानात बड घालाय लागंल. मी लांब गाडीत बसणार, तितनं तुम्हाला सांगणार, आता जाहिरात घ्या, आता गाव सांगा. आणि बड स्पॉन्सरचंच घालायचं, त्येच्यावर तर सगळं चाललंय." जोतीराम म्हणाला, "बड काय, वरवंटा घालतो कानात." शालूबाईनं त्या दिवशी शिरा केला, शेजारच्या दोन घरांत वाटीवाटी दिला. आणि दुसऱ्या दिवशी कळलं, की कानात बसंना.

स्पॉन्सर म्हंजे मोनाचं मोबाईलचं दुकान. मोना धंद्याला पक्की. डबी उघडली, बारकं रबर लावलं, पडलं. मधलं लावलं, पडलं. मोठं लावलं, ते आत जाईनाच. "काका, जरा पिरगाळून बसवा." पिरगाळलं. "आता मान हलवा." हलवली, डावं शर्टाच्या खिशात. "आता जरा हालचाल करून बघा, पळतानाबी पडत न्हाई हे." मग काय, गड्यानं दुकानात बैठका चालू केल्या की हो. तिसऱ्या बैठकीला डावं काउंटरखाली गेलं आणि सगळी गिऱ्हाईकं वाकून शोधाय लागली. उजवं तेवढं जाग्यावर ऱ्हायलं. मोनाला बरं वाटलं, म्हणाली, "एकावर चालतंय काका, आता बोलून दाखवा." ह्यानं तोंड उघडलं, उजवंबी निसटलं. मिटलं की बसतंय, उघडलं की निसटतंय. आता मला सांगा, तोंड मिटून कॉमेंट्री करतंय का कोण?

मग आवाजाची परीक्षा. मोनानं हलगी लावली, दोन्ही बड स्वतःच्या बोटानं दाबून धरली आणि एकेक बोट ढिलं करत इचारलं, "बेस कसा वाटतोय?" जोतीराम डोळं मिटून म्हणाला, "उजव्यात हलगी वाजतीया. डाव्यात शेजारच्या गावात पत्रा वाजतोय."

"अहो काका, रबर घट्ट बसल्याशिवाय बेस लागत न्हाई."

"अगं पण बसायला जागा कुटं हाय? सगळी जागा तालमीनं भरून घेतलीया."

दुकानात कोण हसलं न्हाई बघा, कारण जोतीराम हसत नव्हता.

घरी आल्यावर शालूबाईनं हातात घेतलं. कापूस लावून बघितला, कणीक लावून बघितली, बसंना. शेवटी म्हणाली, "फेटा बांधा, कानावरनं." आणि काय सांगू तुम्हाला, बसलं! फेट्याखाली बड दाबून बसलं, तोंड उघडा न्हाईतर जांभई द्या, हलायचं नाव न्हाई. आठ दिवस गडी फेटा बांधून गोठ्यात कॉमेंट्री करत हुता. एका म्हशीनं दुसरीला ढुशी दिली तर ह्यो डाव सांगतोय, गाव सांगतोय, मधी जाहिरात घेतोय.

मैदानादिवशी शार्दूलनं लांबनंच बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, बड दिसाय पायजे की. स्पॉन्सर हाय ओ." फेटा वर सरकवला. गेलं का सगळं वाया? गेलं.

पहिल्या चार कुस्त्या जोतीराम एकट्या उजव्या बडावर, दातावर दात ठेवून बोलला. लोकं म्हणाय लागली, पैलवानाची दाढ दुखतीया वाटतं. आणि शेवटची कुस्ती लागली… काय कुस्ती होती राव. एकानं एकेरी पट काढला, कब्जा घेतला, खालचा सुटाय बघतोय, आणि जोतीरामाला काय ऱ्हावलं न्हाई. तोंड उघडलं. उजवं बड उडून मातीत. त्यानं बघितलंबी न्हाई. बोलत सुटला. कुठला हात कुठं जाणार, खालचा आता काय करणार, त्येच्या वस्तादानं त्याला काय शिकवलंय, सगळं सगळं. हलगीवाला वाजवायचा थांबला, झाडावर चढल्याली माणसं गप. घिस्सा बसला नि कुस्ती चितपट झाली, तर लोकं पैलवानाला सोडून ह्येच्याकडं बघाय लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्येचं ऐकलं हो सगळ्यांनी.

आणि तिकडं मातीत पडल्यालं बड ओरडतंय, "काका जाहिरात, काका जाहिरात, काका जाहिरात."

शार्दूल वाईट न्हाई. हात धरून म्हणाला, "काका, बोलला एक नंबर. पण शेवटची जाहिरात गेली, मोनाताई पुढचं मैदान देत न्हाई." पुढच्या मैदानाला धैर्यशील आला. जिममधला पोरगा, मातीला पाय लावल्याला न्हाई, कान बशीगत गुळगुळीत. बड घातलं, बसलं. ढाक लागली तर म्हणतोय, "आणि जोरदार ढकललंय." जोतीराम घरी शालूबाईच्या मोबाईलवर ऐकत बसला हुता. शालूबाई म्हणाली, "बोला की, हितं बड न्हाई कानात." पण गड्याचं तोंडच उघडंना. मला त्येच्या जागी रडू आलं असतं, खरं सांगतो.

मागच्या आठवड्यात शार्दूल परत आला. शालूबाईनं पटकन च्या टाकला, जोतीरामानं शर्ट बदलला. दोघांच्याबी मनात एकच. तर शार्दूल म्हणतोय, "काका, मोनाताईला तुमचा कान पायजे. फ्लेक्सवर. पैलवानाच्या मोडल्याल्या कानातबी बसतंय असं दावायचंय."

"अरं पण बसत न्हाई की."

"ते कॉम्प्युटरवर बसवतो ओ मी."

आता न्हाई कसं म्हणायचं? कोण इचारतंय तरी पैलवानाला. काढू दिला फोटो. काल तिकटीवर, तीन रस्तं मिळत्यात तितं, फ्लेक्स लागला. दाराएवढा कान, आणि डाव्या कानात बड असं झकास बसल्यालं की जन्मल्यापासनं तितंच हाय. दोघं नवराबायको बघाय गेलती. शालूबाईनं फ्लेक्स ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर बघितला, मग म्हणाली, "आवं, कान दिसतोय. पण ह्यात तुमचं तोंड कुटं हाय?"

जोतीराम म्हणाला, "तोंडासकट लावून बघितलं म्हणं त्यांनी. बसंना."