चढवलेला गंज

(दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीची बाल्कनी. पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक लांब, जुन्या घडणीची बंदूक.)

दत्तात्रय : चिंच? इंदू, चिंच लावलीस तू हिला?

इंदुमती : चिंच, मीठ आणि तारेची घासणी. उद्या खंडेनवमी ना! पूजेला शस्त्रं मांडायची, तर घरात एक विळी आणि एक ही. दोघींना एकदमच बसवलं घासायला. बघा तरी, कशी नवीकोरी झाली!

दत्तात्रय : नवीकोरी झाली, तोच तर प्रॉब्लेम आहे यार! ही जुनी दिसायला हवी होती.

इंदुमती : आहे कुठे जुनी? तुम्हीच आणलीत जयपूरच्या कारागिराकडून, रिटायर झालात तेव्हा. नळी बंद, बार उडत नाही, नुसती बघायची. आणि त्या नळीवर गंज हा एवढा! सगळी तपकिरी झाली होती.

दत्तात्रय : तो गंज मी चढवला होता.

इंदुमती : काय?

दत्तात्रय : मी. मुद्दाम. जुन्या बंदुकांना असाच तपकिरी रंग असायचा. औषध लावायचं, रात्रभर ओलाव्यात ठेवायची, बारीक गंज धरला की वरची भुकटी पुसायची. परत औषध, परत ओलावा. मनासारखा रंग आला की उकळतं पाणी ओतायचं आणि गरम असतानाच तेल. मग गंज तिथल्या तिथे थांबतो आणि उलट लोखंडालाच सांभाळतो. तू आपल्या रुचिताच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होतीस ना, तेव्हा केलं सगळं.

इंदुमती : ओलाव्यात म्हणजे कुठे?

दत्तात्रय : बाथरूममध्ये. गरम पाण्याच्या बादलीवर.

इंदुमती : माझ्या आंघोळीच्या बादलीवर! तरीच परत आले तर तिला तांबूस कडा. आणि मला काय सांगितलंत? म्हणे दिल्लीचं पाणीच खराब.

दत्तात्रय : पाणी खराब आहेच.

इंदुमती : पुरे! पण चुकलं हो माझं. लेकराला घासावं तशी घासली मी. मला काय ठाऊक, माणसं हौसेनं गंज चढवतात म्हणून! चला, परत चढवू या.

दत्तात्रय : नको. दे भंगारवाल्याला.

इंदुमती : काय बोलताय?

दत्तात्रय : दिवाळीची साफसफाई काढशीलच. त्यात जाऊ दे.

इंदुमती : हिच्या एका स्क्रूसाठी भर उन्हाळ्यात करोल बाग पालथा घातलात. गेटवर गार्डनं अडवलं, ‘सर, ये क्या है?’, तर त्या बिचाऱ्याला उभ्या उभ्या इतिहास शिकवलात. आणि आता भंगार? रागावलात माझ्यावर?

दत्तात्रय : नाही गं. बिल्कुल नाही.

इंदुमती : मग वर्षभर हिला तेलाचं बोटसुद्धा का लावलं नाहीत? आधी दर रविवारी हिला घेऊन बसायचात. मी हाका मारायची, पोहे गार व्हायचे.

दत्तात्रय : कंटाळा आला.

इंदुमती : तुम्हाला? ऑफिसातून निघताना स्टेपलरसुद्धा पुसून परत केलेला माणूस तुम्ही.

दत्तात्रय : सोड ना विषय.

इंदुमती : हात हलतो म्हणून ना?

दत्तात्रय : कुठला हात?

इंदुमती : उजवा.

दत्तात्रय : तुला कधीपासून माहीत आहे?

इंदुमती : गेल्या दिवाळीपासून तुम्हाला अर्धाच कप चहा देतेय मी. एकदा तरी विचारलंत, अर्धाच का म्हणून?

दत्तात्रय : मला वाटलं, शुगरमुळे.

इंदुमती : शुगर मला आहे.

दत्तात्रय : अच्छा. मग बोलली का नाहीस?

इंदुमती : काय बोलू? इतकं मन लावून लपवत होतात! पेपर वाचताना हात मांडीखाली. कुरिअरवाल्यासमोर सही करायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. वाट बघून बघून... जाऊ दे. रडू येतं मला.

दत्तात्रय : अगं, रडू नको. भीती वाटत होती मला. डॉक्टरकडे गेलं की तो नाव सांगणार. नाव नाही तोवर नुसता हात हलतोय, असं म्हणता येतं.

इंदुमती : म्हणजे तुम्ही त्या खोलीत एकटे घाबरणार, मी या खोलीत एकटी घाबरणार. शहाणेच की आपण! सोमवारी डिस्पेन्सरीत जायचं. मी येणार बरोबर.

दत्तात्रय : सोमवारी सोसायटीची मीटिंग...

इंदुमती : अहो.

दत्तात्रय : बरं. जाऊ सोमवारी.

इंदुमती : नक्की?

दत्तात्रय : नक्की. फक्त रुचिताला एवढ्यात नको सांगू.

इंदुमती : आधी डॉक्टर, मग रुचिता. आता हिचं बोला. अशीच ठेवली तर?

दत्तात्रय : उद्यापर्यंत खरोखरचा गंज धरेल. चिंचेचा आंबटपणा बसलाय ना! खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, अगदी कोरडी कर, मग शिलाई मशीनचं तेल. रंग थंडीत चढवू सावकाश.

इंदुमती : चढवू म्हणालात हं!

दत्तात्रय : म्हणालो बाई. मी सांगेन, तू कर.

इंदुमती : सांगायला तुम्ही पहिल्यापासून पटाईत. थांबा, धुऊन आणते... ही घ्या. पुसली, वर केसांचा ड्रायरही फिरवला. आता तेल?

दत्तात्रय : दोन थेंब. अगं, दोन! फोडणी नाही घालायचीय. आणि रगडू नको, फडकं नुसतं फिरव.

इंदुमती : त्या टोकाला माझा हात पुरत नाही. तिकडून तुम्ही लावा.

दत्तात्रय : इंदू, हात हलतोय.

इंदुमती : हलू दे. तेल छान पसरतंय.