पाय धुण्याचा धडा

मी मूळची निपाणीकडची, बाप तिथल्या चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा, त्यामुळं प्रभूचं नाव आमच्या घरात भाकरीसारखं, रोजचं. लग्न होऊन बेंगळुरात आले, शिवाजीनगरात शिवणकाम करते, नवरा गेला त्याला आठ वर्षं झाली, मागं मी आणि सासूबाई दोघीच. त्या अंथरुणाला खिळून आहेत. तू आलीस आणि माझा पोरगा गेला, असं मला तोंडावर म्हणालेल्या बाई, काय सांगू तुम्हाला, चहा घ्या.

आमच्या चर्चच्या मराठी उपासनेला आयटीवाली माणसं येतात, पुण्याची, नागपूरची, त्यांच्या पोरांना रविवारी मी शिकवते. पोरांना नुसतं बोललेलं कळत नाही, म्हणून घरातलं काहीतरी नेते. मीठ नेलं, म्हटलं दिसत नाही पण नसलं तर कळतं, तसं वागा. सुईदोरा नेला. एकदा टॉवेल नि टब नेला, प्रभूनं शिष्यांचे पाय कसे धुतले ते सांगायला. आदल्या दिवशी घरी मशीनवर बसून तो धडा मोठ्यानं म्हणून बघितला, सासूबाई आतनं ऐकत होत्या.

रविवारी धडा झाला आणि एक मुलगी म्हणाली, आँटी, तुम्ही कुणाचे पाय धुता? मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचे. पोरं वॉव म्हणाली. खोटं नव्हतं, पण कसे धुते ते नाही सांगितलं.

घरी आले तर अंथरूण घाणीनं भरलेलं, साडी, भिंत, सगळं. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही, आणि मी बघा, खसाखसा पुसू लागले त्यांना, भांडं घासावं तसं, आणि तोंडातनं गेलं, मरत पण नाही तुम्ही. गेलं ते गेलं. त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले. म्हणाल्या, पोरांना शिकवायला काय काय म्हणत होतीस काल. एवढंच. मग भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी मी म्हटलं, आई, चुकलं माझं. पुढं आठवडाभर कांजी भरवली तर गिळायच्या, पण बघायच्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी हात हलवत गेले, काही नेलं नाही. पोरांना सगळं सांगितलं, काय बोलले ते पण. तीच मुलगी म्हणाली, मग सॉरी म्हटलं? हो, म्हटलं. मग त्या काय म्हणाल्या? मी म्हटलं, काहीच बोलल्या नाहीत अजून. एका पोराच्या आईनं चर्चच्या पाळकांकडं तक्रार केली, लहान मुलांना असलं कशाला सांगायचं म्हणून. पाळक मला म्हणाले, सुमनताई, स्वल्प, जरा जपून बोला, पण शिकवायचं सोडू नका. सरी, बरं, म्हटलं.

त्याच आठवड्यात पाय धुताना सासूबाई म्हणाल्या, पाणी गार आहे. माफ केलं म्हणाल्या नाहीत, अजून नाहीत. पण बोलल्या. मी उठून गरम आणलं.

त्याला आता वर्ष झालं. फार दमलेय बघा, खोटं कशाला बोलू. हात रोज जातात, मन कधी येतं, कधी येत नाही, प्रार्थना पण अर्धी होते नि डोळा लागतो. हां आई, आले! हाक मारू लागल्यात. तुम्ही बसा, चहा संपवा, देव तुमचं बरं करो. मला त्यांची कूस बदलायला वेळ लागेल जरा.