ड्रॅगनची गाभोळी

सुकापूरच्या रिक्षेच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण आणि त्याची उरणची आत्या उभे होते.

"आत्या, मी गोष्ट सांगतो आणि तुम्ही फासे टाकून ती खेळता, त्या आपल्या खेळात ड्रॅगनशी लढाई व्हावी म्हणून मी महिनाभर तयारी केली. तू सगळ्यांना गुहेच्या दारातून परत फिरवलंस."

"तूच बोल्लास, ड्रॅगन मादी हाय, तिच्या पोटात अंडी हायत."

"ते तुम्ही घाबरावं म्हणून."

"गाभोळी धरलेलीला आमी हात नाय लावत, प्रणित. पावसात मासली अंडी घालते म्हनून होड्या वर काढतो, तशा तलवारी ठेवल्या."

"आणि बाकीच्यांनी लगेच ऐकलं."

"गोष्ट खेळनाऱ्यांची, हा नियम तुजाच ना?"

"मग लढाई कधी?"

"नारली पुनवेनंतर. नारल वाहू, मग जाऊ."

"आणि तोवर दर रविवारी काय खेळायचं?"

"जाली शिवायची. फासे आन, पयला टाका माजा."