चौथ्या खळग्यापर्यंत नितळ

—नाही हो भाऊ, तपासणी पुन्हा होत नसते, कितीदा सांगू? रिपोर्टात लिहिलंय ना, औषधाचा परिणाम नाही म्हणून? मग झालं. तुमच्या मिसेसच्या जखमेतले जंतूच जबरदस्त, नेहमीची सगळी औषधं पचवून बसलेत, हे पेप्टाइडचं नवं औषधही पचवलं— त्याला मी काय करू? बसा तरी. उभ्याने भांडू नका, माझी मान दुखते.

हे बघा, असा ट्रे असतो. शहाण्णव खळगे. पहिल्यात औषध भरपूर, पुढच्यात निम्मं, त्यापुढच्यात त्याच्याही निम्मं— सगळ्यांत सारखेच जंतू सोडायचे नि अठरा तास उबेत ठेवायचं. खळगा नितळ राहिला तर जंतू हरले, गढूळ झाला तर औषध हरलं. तुमचा? सगळा गढूळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बावीस वर्षं हेच बघतेय, माझे डोळे चुकत नाहीत. डोळे नाहीच चुकले— ट्रे चुकला. म्हणजे... तसं नाही. म्हणजे हे पेप्टाइड चिकट जातीचं, साध्या प्लास्टिकला जाऊन बिलगतं, खळग्याच्या भिंतीलाच बसतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. त्याला वेगळे ट्रे लागतात, ते संपलेले. स्टोअरवाल्याला तीन चिठ्ठ्या पाठवल्या, तर तो म्हणतो, “बाई, ट्रे तो ट्रे, त्यात कसले नखरे?” इकडे वॉर्डाचे फोनवर फोन, रिपोर्ट कुठंय, रिपोर्ट कुठंय— मग केली तपासणी साध्यातच. सही? माझीच. आणखी कोणाची असणार?

पुढचं विचारू नका. विचारताय? बरं, ऐका. मंगळवारी चांगले ट्रे आले. मला चैन पडेना. तुमच्या मिसेसचे जंतू फ्रिजमध्ये होतेच, कुणाला न सांगता लावले. चौथ्या खळग्यापर्यंत नितळ. पाण्यासारखं. पुन्हा लावले— पुन्हा तेच. साहेबांकडे धावत गेले, या गुडघ्यांनी! ते म्हणाले, गेलेला रिपोर्ट फिरवला तर आधीच्या सगळ्या रिपोर्टांवर लोक बोट ठेवतील. शिवाय औषध आहे कुठे आता? प्रयोगातलं औषध, मोजक्या कुप्या. माझा कागद वाचून डॉक्टरांनी सुरूच केलं नाही, त्याच संध्याकाळी परत पाठवलं. ते दुसऱ्या पेशंटला देऊनसुद्धा झालं. नवीन मागवायचं तर तीन आठवडे. आणि सिस्टर म्हणत होती की कालपासून लघवीच थांबलीय— तुम्हाला नाही सांगितलं? अरे देवा.

असं बघू नका हो माझ्याकडे. मलाही लेकी आहेत. काय? लिहून देऊ? हे चौथ्या खळग्याचं, सहीनिशी? ते पेन ठेवा खिशात. ठेवा म्हणते ना! रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. इथे बसून काय मिळणार? जा, तिच्याजवळ बसा, आहे तोवर बसा. उठा.

पुढे कोण आहे? या. बाटली इकडे ठेवा, झाकण घट्ट लावलंय ना?