भुशीचे एकोणीस इंच

सन्माननीय अध्यक्ष हौशीराम पाटील, व्यासपीठावरील मान्यवर, भुशी-लोणावळ्याचे ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते कोंडूभाऊ व सौ. भागूबाई,

तीस वर्षे रोज सकाळी आठला कोंडूभाऊंनी भुशीच्या पर्जन्यमापकातले पाणी मोजले. शाल-श्रीफळ त्यांना आत्ताच मिळाले. (नारळ सन्मानाचा आहे, खात्याने दिलेला नव्हे!) मी हवामान खात्यातला माणूस, गुणगान मला जमत नाही. एक हकिकत सांगतो.

सन एकोणीसशे सव्वीसचा आषाढ. भुशीहून चोवीस तासांची नोंद आली, एकोणीस इंच. मी तेव्हा तपासणीस होतो, चौकशीला इथे आलो. कोंडूभाऊ म्हणाले, "दुपारीच बाटली काठोकाठ भरली, सायेब. सांडलं आसतं. म्हनून मोजून वतली, पुन्यांदा लावली." भागूबाई म्हणाल्या, "मोजताना म्या वर इरलं धरलं व्हतं. येक थेंब आत पडू दिला न्हाई."

नियम काय? मोजणी एकदाच, सकाळी आठला. आणि साक्षीदार कोण? बायको! मी लाल शाईने आकडा खोडला आणि 'नोंदी विश्वासार्ह नाहीत' असा शेरा मारला. तेव्हापासून भुशीचा पाऊस आमच्या नकाशातून वगळला गेला. कोंडूभाऊ मात्र मोजत राहिले. वगळल्याचे त्यांना ठाऊक नव्हते का? होते. मीच कळवले होते.

यंदा मी त्या आषाढातले वारे कागदावर मांडत होतो. त्या दिवशी दुपारनंतर कोकणपट्टीवर पश्चिमेचा वारा एकाएकी वाढला होता. का, ते काही जुळेना. वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते, तिने हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावते. पेटलेली चूलही हवा अशीच ओढते. म्हणजे वारा पाऊस आणतो, तसा पाऊसही वारा ओढतो. मग एवढा वारा ओढणारा पाऊस पडला कुठे? घाटमाथ्यावरच्या इतर ठाण्यांचे आकडे कमी होते. तिथल्या बाटल्या नियमाप्रमाणे सांडल्या होत्या! महिनाभर शोधल्यावर मला माझीच लाल रेघ सापडली.

तो शेरा मी रद्द करून घेतला आहे. भुशीची बारा वर्षे नकाशात परत आली आहेत. कोंडूभाऊंना हे आत्ताच कळते आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकले, आभारी आहे. शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची रीत असते, आणि मीही आजवर ती रीत म्हणूनच पाळली. कोंडूभाऊ, भागूबाई, माझी चूक झाली. मला माफ करा.

उद्या आठला तुमची शेवटची मोजणी आहे. पाऊस असला, तर इरले मी धरीन.